टायरमधली हवा हळूहळू जातेय? कुठून जातेय ते असं शोधा

दर आठ दिवसाला हवा भरायची, परत तेच चाक बसलेलं, परत भरायची. पंक्चरवाल्याकडं नेलं की तो टायरवरून हात फिरवतो, खिळा दिसला नाही की "काय नाही साहेब, हवा कमी होती" म्हणून भरून देतो आणि आपण खूश होऊन घरी. पण खिळा नाही म्हणजे लीक नाही असं अजिबात नसतंय. हळू जाणारी हवा ठरलेल्या तीन-चार जागांवरूनच जाते आणि त्यातल्या बऱ्याच जागा घरी बसून सापडतात, साबणाचं पाणी आणि अर्धा-पाऊण तास धीर लागतो बस.

आधी खरंच लीक आहे का ते बघा. चांगल्या ट्यूबलेस टायरमधून पण महिन्याला 1-2 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा रबरातून झिरपतेच, ते नॉर्मल आहे. त्यात तापमानाचा खेळ वेगळा, 10 अंशाला साधारण दीड-दोन पीएसआयचा फरक पडतो. म्हणजे ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीत, आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात भल्या सकाळी मोजली तर चारही चाकं तीनेक पीएसआयनं खाली दिसणार, त्यात टायरचा काही दोष नाही. चारही सारखी उतरली तर हवामान, एकच उतरलं तर लीक.

मोजायचं कसं, तर गाडी निदान तीन तास उभी पाहिजे, सकाळी ऊन चढायच्या आत, आणि दरवेळी एकाच गेजनं. एका बाजूला ऊन पडलं असेल तर त्या बाजूची चाकं जास्त दाखवतात हे पण लक्षात ठेवा, आपल्याकडं मे महिन्यात तर सकाळी नऊला पण फरक पडतो. पंपावरच्या मशीनचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही म्हणून स्वतःचा साधा गेज घेऊन ठेवा. किती ठेवायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकरवर लिहिलेलं असतं, टायरच्या बाजूवर छापलेला पीएसआयचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, बरेच जण तोच भरून मोकळे होतात. चारही चाकं स्टिकरप्रमाणं भरा, मोबाईलमध्ये लिहून ठेवा, आठवडाभरानं परत मोजा. स्टेपनी पण मोजा, तिच्याकडं कुणी बघतच नाही.

आता एक चाक सापडलं. सुरुवात व्हॉल्व्हपासून करा, कारण ते सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त. टोपण काढा आणि व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवा, जुने पंक्चरवाले थुंकी लावून बघायचे ते हेच. थेंब फुगून बुडबुडा झाला की आतली पिन गळतेय. कधी नुसती सैल असते, छोट्या चावीनं हलकी घट्ट केली की झालं, जास्त जोर लावायचा नाही, नाहीतर पिनचं रबर दबून आणखी बिघडतं. कधी तिथं धुळीचा कण अडकलेला असतो, आपल्या गावात धुळीची काय कमी, म्हणून टोपण नसलेले व्हॉल्व्ह चालवू नका. पिन नवीन टाकायला फार पैसे लागत नाहीत. मग व्हॉल्व्हची रबरी दांडी दोन्ही बाजूंना वाकवून बुडाशी बघा, चिरा दिसतायत का, आणि तिथं पण साबण टाका. सरळ असताना गळत नाही आणि वाकवली की बुडबुडे, असं असेल तर चाक फिरताना हवा जाते आणि उभ्या गाडीत काही सापडत नाही, माणूस वेडा होतो. हा व्हॉल्व्ह बदलायलाच लागतो, टायर नवीन टाकताना तर मागून बदलून घ्या.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग. डिशवॉशचं लिक्विड पाण्यात टाकून स्प्रेच्या बाटलीत भरा, चाक पूर्ण भिजवा आणि थांबा. इथंच लोक घाई करतात. मोठ्या पंक्चरला लगेच बुडबुडे येतात, पण हळू लीकला पाच-दहा मिनिटांनी ताकावर येतो तसा बारीक पांढरा फेस एका जागी साठत जातो, तो शोधायचा. गाडी थोडी पुढं घेऊन खाली दबलेला भाग पण बघा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडं रोजचं जाणं-येणं असेल तर स्क्रू, तारेचे तुकडे मिळतात, गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं जाताना तर काय काय पडलेलं असतंय. पण मोहोळ, मंगळवेढ्याकडं शेतात गाडी नेणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो: वेड्या बाभळीचा काटा. आत घुसतो, बाहेरून मोडतो, वर काळ्या ठिपक्याशिवाय काही दिसत नाही आणि काटाच बुचासारखा बसल्यामुळं हवा दिवसाला थोडी थोडीच जाते. नखानं चाचपून सापडत नाही, फेसच सांगतो. खिळा दिसला तरी घरी उपटू नका, हळू जाणारी हवा एकदम जाईल, खडूनं गोल करून तसंच दुकानात न्या.

आणि आता रिम, जिथं बहुतेक जण बघतच नाहीत. टायरची कड जिथं रिमला घट्ट बसते तिथून गळणारी हवा खिळ्याच्या खालोखाल मी तरी धरीन. लोखंडी डिस्क असेल तर कडेला गंज, अलॉय असेल तर रंगाखाली पांढरी पूड चढते आणि टायर नीट टेकत नाही. नाहीतर खड्ड्यात आदळून रिमची कड वाकलेली असते, पावसाळ्यानंतर हे प्रकार वाढतात. गंमत अशी की वाकतं ते बऱ्याचदा आतल्या बाजूनं, म्हणजे गाडीच्या बाहेरून रिम चकचकीत दिसतं आणि मागून हवा जातेय. म्हणून चाक काढूनच बघायला पाहिजे. सपाट जागा, हँडब्रेक, तिरप्या समोरच्या चाकाला वीट, नट जॅक लावायच्या आधी सैल करायचे, आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. चाक आडवं ठेवा, रिम आणि टायरच्या मधल्या खाचेत साबणाचं पाणी सोडा, तळं साचू द्या, बघत बसा. मग उलटं करून दुसरी बाजू. अलॉयला मधल्या काड्यांच्या मुळाशी पण टाका, बारीक तडा असेल तर तिथं दिसतो.

घरी नाहीच सापडलं तर दुकानात हौदात बुडवायला सांगा. होटगी रोड, विजापूर रोडला हौदवाली दुकानं आहेत, पण घाईच्या वेळी जाऊ नका, कारण चाक गरागरा फिरवून "नाही काय" म्हणतात. हवा थोडी वाढवून, 40 पर्यंत किंवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत, पाव चाक पाण्यात, अर्धा मिनिट थांबायचं, मग पुढचा पाव. रिमच्या कडेला अडकलेली हवा पण बुडबुड्यासारखी दिसते, हातानं पुसायची, परत त्याच जागी आली तरच लीक. सापडलेल्या जागी खडूची खूण टायरवर पण करा आणि रिमवर पण, म्हणजे टायर उतरवल्यावर दोष कुणात आहे ते कळतं. काम झालं की हवा परत स्टिकरच्या आकड्याला.

दुरुस्तीचं थोडक्यात. मधल्या भागात 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच (छत्रीसारखा, दांडीवाला) मारून घ्या, बाहेरून घातलेली स्ट्रिप तात्पुरती धरा, जुनी स्ट्रिप ढिली होऊन तिथूनच परत हवा जाते हे पण नेहमीचंच. टायर उतरवला की आत काळी रबराची भुकटी दिसते का बघा, दिसली तर कमी हवेवर चालवून साइडवॉल (टायरची बाजू) आतून झिजलीय, त्याला पॅच मारून उपयोग नाही. साइडवॉलला भोक असेल तर टायर बदलायचा, पंक्चरवाला "होतंय की" म्हणाला तरी. रिमची कड वायर ब्रशनं घासून, बीड सीलर (कडेची फट बुजवणारा चिकट लेप) लावून टायर परत बसवतात, वर बॅलन्सिंग करायला विसरू नका. लोखंडी डिस्क ठोकून सरळ होते, तडा गेलेलं अलॉय मात्र वेल्डिंग करून हायवेला नेऊ नका. भोक आतून बुजवणारी सीलंटची बाटली टायरमध्ये ओतायचा सल्ला कुणी दिला तर पुणे किंवा हैदराबाद रोडला अडकलात तेव्हाच वापरा, आणि नंतर पंक्चरवाल्याला आधीच सांगा, आत सगळा चिकटा झालेला असतो. नायट्रोजननं हवा किंचित हळू जाते, पण भोक ते भोकच.

एवढं सगळं करून फेस कुठंच नाही आणि चाक तरी उतरतंय तर टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. उन्हात उभ्या राहणाऱ्या जुन्या टायरच्या बाजूला बारीक चिरांची जाळी असेल तर आणखी लीक शोधत बसू नका, टायरच बदला.