कोल्हापूरहून गाडीने फिरताना: एका दिवशी एकच दिशा

पन्हाळा-जोतिबा वायव्येला, नृसिंहवाडी-खिद्रापूर पूर्वेला. दोन्ही एकाच दिवसात कोंबले की दिवस गाडीतच जातो. जोतिबाला रविवारी आणि वाडीला पौर्णिमेला गर्दी असते. पार्किंगलाच तास जातो, म्हणून ते दिवस टाळा.

खिद्रापूर सकाळी करा. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, उन्हात खांबांवरचं कोरीव काम उठून दिसतं. गावात जेवणाची फारशी सोय नाही. वाडीतच खाऊन निघा.

खरी अडचण ऊस. साधारण नोव्हेंबर ते मार्च गाळप चालतं आणि गावरस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. मॅप तास सांगेल, तुम्ही दीड धरा. मागच्या ट्रॉलीला अनेकदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला. त्यामुळे अंधारात ती अगदी जवळ गेल्यावरच दिसते. ओव्हरटेक करताना दोन्ही ट्रॉल्यांची लांबी मोजा, पुढचा रस्ता तेवढा मोकळा नसेल तर मागेच थांबा. पाचच्या सुमारास हायवेकडे वळलेलं बरं.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ पन्हाळा-जोतिबाकडे जाणारा रत्नागिरी रस्ता बंद होऊ शकतो. निघण्याआधी पाणीपातळीची बातमी बघाच.