जपानवरून आलेली सेकंडहँड व्हॅन घेताय? या चुका टाळा

बॉन्गो फ्रेंडी, एल्ग्रँड, एस्टिमा, डेलिका, ह्या गाड्या एकदा आतून बघितल्या की माणूस पार येडा होतो. सात-आठ जणं आरामात बसतात, सीटा आडव्या केल्या की झोपता येतं, आणि वीस-पंचवीस वर्षांची गाडी असून सीटवर डाग नाही की काही नाही. मी पण असाच भुललो आणि बॉन्गो घेऊन बसलो. आता झालेल्या चुका सांगतो, बघा तुमच्या किती वाचतात.

पहिली चूक, आतलं बघून खूश होणं आणि खाली न वाकणं. जपानच्या उत्तरेला, होक्काइदो आणि तोहोकूकडे, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिकडे फिरलेली फोर व्हील ड्राइव्ह गाडी वरून आरसा आणि खालून पापड असू शकते. टॉर्च घ्या, जमिनीवर आडवे पडा, मागच्या चाकांच्या कमानी, दाराखालचा उंबरा आणि जॅक लावायची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. नवं कोरं काळं अंडरकोटिंग दिसलं तर जास्तच टोचा, कारण गंजावर कोटिंग मारलं की गंज आत निवांत खात बसतो.

ऑक्शन शीट, म्हणजे जपानमधल्या लिलावात गाडी तपासून भरलेला कागद, मिळत असेल तर मागाच. त्यावर गाडीचं चित्र असतं आणि खुणा असतात, ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे पत्रा ठोकून रंग मारलाय, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा कुजायला लागलाय. अक्षरापुढचा आकडा वाढला की खूण मोठी. ग्रेडच्या जागी आर किंवा आरए असेल तर गाडी ठोकलेली आणि दुरुस्त केलेली आहे, म्हणजे लगेच वाईटच असं नाही पण विकणारा 'नॉन अ‍ॅक्सिडेंट' म्हणत असेल तर तिथूनच परत फिरा.

आता मेन विषय, कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी. बॉन्गोत इंजिन पुढच्या सीटांच्या खाली आणि रेडिएटर पार पुढे नाकात, वर मागच्या प्रवाशांसाठी वेगळा हीटर, त्यामुळे पाण्याचे पाईप लांबच लांब आणि रबरी होज (नळ्या) भरपूर, आणि त्यातले बरेचसे गाडीच्याच वयाचे. मी काय केलं, गाडी घेतल्या घेतल्या आधी म्युझिक सिस्टीम आणि पडदे बसवले. होज? चांगले दिसतायत की, बघू नंतर.

मग एक दिवस लांबच्या चढावर हीटर चालू असताना पायावर अचानक गार हवा यायला लागली. टेम्परेचरचा काटा बघितला तर मधोमध, एकदम शांत. मला वाटलं हीटरचं काहीतरी बिघडलं, जाऊ दे. पाच-सात मिनिटांत गोडसर वास आला आणि सीटखालून वाफ. झालं असं होतं की एका होजला क्लॅम्पपाशी नखाएवढी चीर पडली होती, पाणी निघून गेलेलं, आणि टेम्परेचरचा सेन्सर पाण्याबाहेर उघडा पडला की काटा काय कप्पाळ दाखवणार! म्हणून लक्षात ठेवा, चालत्या गाडीत गरम हीटर अचानक गार पडला तर तो हीटरचा प्रॉब्लेम नाही असंच धरून चला, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि गार होईपर्यंत कूलंटच्या झाकणाला हात लावू नका. पुढे रेटली तर इंजिनचं वरचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं नाहीतर तडकतं, आणि मग तो खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास जातो.

त्यानंतरची चूक मेकॅनिकची, पण गप्प बसलो म्हणून माझीही. त्याने होज बदलला, कूलंटची टाकी भरली आणि 'झालं' म्हणाला. एअर काढलीच नाही. एवढ्या लांब पाईपांत हवा अडकली की टाकी भरलेली दिसते आणि हेडमध्ये पाणीच नसतं. हीटर फुल गरमवर ठेवून, मागचाही, इंजिन आयडलला चालू ठेवून ब्लीड पाईप (हवा बाहेर काढायची नळी) उंच धरून हळूहळू भरत राहायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, ह्याला वेळ लागतो आणि घाई करणाऱ्याकडून हे काम करून घेऊच नका. आणि कूलंट कमी झालं की वाजणारा अलार्म बसवा, पडद्यांच्या आधी.

पार्ट मागवताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका. जपानमधल्या गाडीला 17 अक्षर-अंकांचा चासी नंबर नसतो, छोटा फ्रेम नंबर असतो, तोच द्यायचा. एस्टिमाची बाहेर विकलेली बहीण प्रेव्हिया आहे, बॉडीचे बरेच पार्ट जुळतात, इंजिनचे जुळतीलच असं नाही. बॅटरी घेताना पण जुन्या बॅटरीवरचं शेवटचं अक्षर बघा, 80डी26आर मधला आर आणि एल टर्मिनलची बाजू सांगतो, उलटी आणलीत तर वायर पोचत नाही.

टायमिंग बेल्ट (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारा पट्टा) बदलल्याचा स्टिकर बऱ्याचदा इंजिनपाशी चिकटवलेला असतो, जपानीत, पण किलोमीटरचा आकडा वाचता येतो. स्टिकर नसेल तर बदललेला नाही असंच समजा. गिअरबॉक्स सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक) असेल तर त्यात साधं एटीएफ, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चुकूनही घालू नका, 'सगळं तेल सारखंच' म्हणणाऱ्या माणसापासून गाडी लांब ठेवा.

टायरला नक्षी भरपूर दिसली तरी साइडवरचे चार आकडे वाचा, 1208 म्हणजे 2008 सालचा बारावा आठवडा. रेडिओवर निम्मी स्टेशनं लागत नाहीत ती खराबी नाही, जपानचा एफएम 76 पासून सुरू होतो आणि जुन्या सेटमध्ये 90 ला संपतो. आणि पॉवर स्लायडिंग दार अडकलं तर हाताने ओढू नका, आतली केबल तुटते. आधी खालच्या रुळातली माती ब्रशने काढा, माझं तर तेवढ्यावरच चालू झालं, रुळात एक बिस्किटाचा तुकडा आणि लेगोचा ठोकळा निघाला.