सायकलवरून पडून खांदा दुखावला तर
आधी एक्स-रे, चोळून घेणं अजिबात नको. हासळीचं, म्हणजे गळ्याखालून खांद्याकडे जाणारं आडवं हाड मोडलं असेल तर चोळल्यानं तुकडे आणखी सरकतात. दवाखान्यात पोचेस्तोवर दुपट्ट्याची झोळी करून हात गळ्यात बांधा. कोपर काटकोनात, मनगट जरा वर. बोटं बधिर किंवा निळी पडली तर सकाळची वाट पाहू नका.

झोळीतही बोटं, मनगट हलवत राहा. डॉक्टर हो म्हणाले की बरा हात ओट्याला टेकून वाका, दुखरा हात विहिरीतल्या बादलीसारखा लोंबू द्या आणि अंग हलवून लहान गोल काढा: दहा इकडून, दहा तिकडून, दिवसातून तीनदा. खांद्याचा जोर लावला तर उपयोग शून्य. झोळी गरजेपेक्षा जास्त दिवस ठेवली की खांदा आखडतो. मग सदरा घालणंही जड. कापसाची वेचणी, खताचं पोतं मात्र हाड जुळेस्तोवर नाहीच.