निराधारचं अनुदान चालू आहे आणि धंदा टाकायचाय? या चुका टाळा

शिलाई मशीन घेऊ का, झेरॉक्सचं दुकान टाकू का, असा विचार करणाऱ्या दिव्यांग माणसाला पहिला सल्ला घरातूनच मिळतो: "नाव कुठं लावू नकोस, पगार बंद होईल." पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान. सल्ल्यामागची काळजी खरी असते, माहिती मात्र अर्धवट. नुसता धंदा केला म्हणून अनुदान बंद होत नाही. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं की बंद होतं. पुढच्या बहुतेक चुका इथल्याच गोंधळातून होतात.

टक्के आणि उत्पन्न यांची गल्लत

कमवायला लागलं म्हणून दिव्यांगत्वाचे टक्के कमी होत नाहीत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, वैद्यकीय तपासणीवर मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांना किमान ४० टक्क्यांची अट आहे. तुमच्या गल्ल्यात किती जमतं हे तिथं कोणी विचारत नाही. एसटीची सवलत टक्क्यांवर चालते, निराधारचं अनुदान आणि रेशन उत्पन्नावर. आपल्याला जे जे मिळतं ते एका कागदावर लिहून प्रत्येकापुढे 'टक्के' की 'उत्पन्न' एवढं मांडा. अर्ध्या तासाचं काम आहे, तरी फार थोडे लोक करतात.

खड्डा न मोजता उडी मारणं

दिव्यांग लाभार्थ्याचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याला २,५०० रुपये झालं. म्हणजे वर्षाचे ३०,०००. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० च्या आत हवं. कुटुंबाचं, एकट्याचं नव्हे. बायकोची मजुरी, मुलाचा पगार सगळं त्यात आलं.

समजा घरात दुसरं उत्पन्न नाही. धंद्यातून वर्षाला ४८,००० सुटले, वर ३०,००० अनुदान, एकूण ७८,०००. पुढच्या वर्षी धंदा वाढला, ६०,००० सुटले, अनुदान गेलं. हातात उरले ६०,०००. जास्त राबून १८,००० कमी. हा खड्डा वर्षाला ८०,००० ओलांडेपर्यंत, म्हणजे महिन्याला जवळपास ६,७०० सुटेपर्यंत भरून निघत नाही.

गावात तर रेशनची कात्री अनुदानाच्याही आधी लागते. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आहे, शहरात ५९,०००.

माझं मत स्पष्ट आहे. वर्षभरात महिन्याला सात हजार सुटतील असं वाटत नसेल, तर धंदा प्रामाणिकपणे छोटाच ठेवा, त्यात लाज कसली? प्रकृती साथ देईल तेवढंच काम घ्यायचं हा शहाणपणाच आहे. पण सात-आठ हजार सहज सुटत असतील तर २,५०० साठी धंद्याचा गळा आवळू नका. मध्येच लोंबकळणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

विक्रीलाच उत्पन्न म्हणणं

झेरॉक्सच्या दुकानाचंच बघा. महिन्याला १४,००० रुपये गल्ल्यात आले. कागद आणि टोनर ५,२००, गाळ्याचं भाडं ३,०००, वीज १,१००, मशीनची दुरुस्ती ७००. गेले १०,०००, उरले ४,०००. वर्षाचं उत्पन्न ४८,०००. आता उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याने विचारलं आणि तुम्ही भोळेपणाने "चौदा हजार येतात" म्हणालात, तर कागदावर १,६८,००० चढतात. मग दुरुस्तीसाठी चकरा.

एक शंभर पानी वही पुरते. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, रोजच्या रोज. खरेदीची बिलं त्याच वहीत टाचा. गिऱ्हाईकाला बिल नको असतं, पण तुम्हाला घाऊक दुकानदाराकडून पक्कं बिल हवंच. आणि उलटी लबाडीही नको: सुटतात दहा हजार आणि स्वयंघोषणापत्रात तीन लिहायचे. त्या कागदावर सही तुमची असते, खोटं निघालं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं, एजंटला नाही.

नवं खातं उघडताना आधारचा घोळ

यूपीआयचे धंद्याचे पैसे आणि अनुदान एकाच खात्यात नकोत, हे बरोबर. कर्जाचा हप्ता तर अनुदानाच्या खात्याला मुळीच जोडू नका, नाहीतर अनुदान जमा होताच हप्त्यात वळतं होतं. म्हणून लोक नवं खातं उघडतात, आणि तिथंच फसतात. फॉर्मवर डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडण्याची संमती असते, घाईत तिथंही सही होते. डीबीटीचे पैसे जातात ते आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेला जोडलं त्या बँकेत. महिना उलटतो, जुन्या पासबुकात काही दिसत नाही, आणि माणूस "धंद्यामुळे पगार कापला" म्हणत तहसीलला जातो. पैसे नव्या खात्यात पडून असतात.

त्यामुळे अनुदान आलं नाही की आधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग' तपासा. कोणती बँक जोडलेली आहे ते तिथं दिसतं. घोळ असेल तर जुन्या बँकेत जाऊन आधार पुन्हा डीबीटीसाठी जोडून घ्या. तिथं सगळं नीट असेल तरच तहसीलमधल्या संजय गांधी शाखेची पायरी चढा, आणि वर्षाचा हयातीचा दाखला द्यायचा राहिला का, हे पहिलं विचारा.

भावाच्या नावावर दुकान

राबायचं तुम्ही आणि कागदावर भाऊ. बायकोच्या नावावर केलं तर अनुदान वाचतही नाही, कारण उत्पन्न कुटुंबाचं मोजतात. भावाच्या नावावर केलं तर उद्या वाटण्या झाल्यावर दुकान त्याचं. शिवाय दिव्यांगांसाठीचं कर्ज नि सवलत दोन्ही हातची जातात.

आधी दुकान, मग कर्जाचा अर्ज

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, म्हणजे पीएमईजीपीत, दिव्यांग अर्जदार विशेष प्रवर्गात येतो. स्वतःचा हिस्सा फक्त ५ टक्के, अनुदान शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के. पण योजना नव्या उद्योगासाठी आहे. दुकान टाकून, फर्निचर करून मग अर्ज केलात तर नकार ठरलेला. दुसरा गैरसमज म्हणजे ते अनुदान रोख हातात पडतं. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतं आणि नंतर कर्जात वळतं होतं. त्याच्या भरवशावर उधारी करू नका.

पीएमईजीपी नको असेल तर महाराष्ट्र राज्य दिव्यांग वित्त आणि विकास महामंडळाचं कर्ज आहे. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. ग्रामसेवकाला या निधीबद्दल थेट विचारा, आपणहून कोणी सांगत नाही.

उद्यम नोंदणी मात्र फुकट आहे. सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅन क्रमांक टाकून होते. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा.

ईएसआयच्या रजेवर असताना कामाला लागणं

हा प्रकार नोकरदारांचा, ज्यांना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा लागू आहे त्यांचा. ईएसआयचा आजारपणाचा लाभ सरासरी वेतनाच्या ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. काही ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, जास्त काळ. पण ज्या दिवशी काम केलं त्या दिवसाचा लाभ मिळत नाही, आणि बरं होण्यात अडथळा येईल असं काही करायचं नाही अशी अट असते. घरबसल्या डबे द्यायला लागलात तरी ते कामच. फिटनेस सर्टिफिकेट मिळेपर्यंत धंद्याची चौकशी करा, ऑर्डर घेऊ नका. कामावरच्या अपघातानंतर मिळणाऱ्या कायमच्या अपंगत्वाच्या लाभाची गोष्ट वेगळी. तो गमावलेल्या कमाईक्षमतेपोटी असतो, काम करूनही चालू राहतो. आपल्या कागदावर यातला कोणता लाभ लिहिलाय हे आधी वाचा.

धंदा बसला तर

अनुदान बंद झाल्यावर धंदा बुडाला, तर ते आपोआप सुरू होत नाही. नव्याने अर्ज, नवा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा तालुका समितीची बैठक. यात महिने जातात. म्हणून जुना मंजुरी आदेश जपून ठेवा, अनुदान बंद झाल्याचं कारण तोंडी न घेता लेखी मागा, आणि धंदा बंद केल्याची तारीख दिसेल असं काहीतरी, निदान गाळा सोडल्याचं मालकाचं पत्र, त्याच आठवड्यात घेऊन ठेवा.