वॉशिंग्टनचा वाद आणि लातूरचे घर : निधी, धरपकड आणि मतदारपात्रतेच्या बातम्या कशा वाचाव्यात

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात शिकून अमेरिकेत नोकरीला गेलेल्या मुलामुलींच्या घरी एक प्रसंग आता नेहमीचा झाला आहे. ‘सरकार बंद पडले’, ‘परदेशी लोकांची धरपकड वाढली’ आणि ‘मतदानासाठी आता नागरिकत्वाचा पुरावा लागणार’ अशा तीन बातम्या एकाच सकाळी मोबाइलवर येऊन पडतात, आणि चहा होईपर्यंत त्या तिन्हींचा मिळून घरात एकच घोर लागलेला असतो. वस्तुतः हे तीन वेगळे विषय आहेत. त्यांचे कायदे वेगळे आहेत, त्यांच्या मतदानाचे गणित वेगळे आहे आणि आपल्या मुलावर होणारा परिणामही वेगळा आहे. तेथील राजकारणी मंडळी ते मुद्दाम एकत्र बांधतात. वाचणाऱ्याने ते सोडवून घेतले पाहिजेत, आणि हे काम वाटते तितके अवघड नाही.

सुरुवात ज्या खात्यावरून भांडण चालते त्या खात्यापासून करावी. होमलँड सिक्युरिटी, म्हणजे अंतर्गत सुरक्षा विभाग, 2001 च्या हल्ल्यांनंतर 2002 मध्ये झालेल्या कायद्याने स्थापन झाला आणि 1 मार्च 2003 पासून बावीस संस्था एकत्र करून त्याने काम सुरू केले. आपल्याकडे गृहखाते म्हटले की पोलीस डोळ्यांपुढे येतात, पण या विभागाच्या छत्राखाली विमानतळावर सामान तपासणारे कर्मचारी आहेत, किनारारक्षक दल आहे, पूर आणि वादळात मदत करणारी यंत्रणा आहे, राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक आहेत, बेकायदा राहणाऱ्यांना ताब्यात घेणारी ‘आइस’ नावाची संस्था आहे आणि आपल्या मुलांचे व्हिसा व ग्रीनकार्डाचे अर्ज हाताळणारा यूएससीआयएस हा कार्यालयसमूहही आहे. म्हणून ‘विभागाचा निधी अडला’ असे वाचताच विचारण्याचा प्रश्न असा की, त्यातील नेमक्या कोणत्या संस्थेचा अडला आणि ती संस्था पगार कोठून देते.

उदाहरणार्थ, यूएससीआयएसचा बहुतांश खर्च अर्जदारांनी भरलेल्या शुल्कातून चालतो. त्यामुळे संसदेने निधी रोखला तरी ग्रीनकार्डाच्या अर्जांचे काम सहसा चालूच राहते. मात्र एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जाला आधी कामगार खात्याची मंजुरी लागते, आणि ते खाते सरकारी तिजोरीवर अवलंबून आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारचे कामकाज थांबले तेव्हा ही मंजुरी महिनाभर बंद होती आणि नोकरी बदलू पाहणाऱ्यांची अडचण झाली. म्हणजे ज्या खात्याचे नाव मथळ्यात होते त्यामुळे नव्हे, तर ज्याचा मथळ्यात उल्लेखही नव्हता त्या खात्यामुळे मुलाचे काम अडले. अशा वेळी मुलाला फोन करून ‘तू सुखरूप आहेस ना’ एवढेच विचारण्यापेक्षा ‘तुझा कोणता अर्ज सध्या कोणत्या खात्यात आहे’ हे विचारलेले अधिक उपयोगी ठरते.

आता ‘सरकार बंद’ या शब्दांकडे वळू. अमेरिकेचे आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते आणि त्यासाठी दरवर्षी बारा खर्चविधेयके मंजूर व्हावी लागतात. ती वेळेत झाली नाहीत तर आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती तरतूद केली जाते, आणि तीही झाली नाही तर मंजूर नसलेला पैसा खर्च करण्यास मनाई करणाऱ्या 1884 च्या जुन्या कायद्यामुळे कार्यालयांना कुलूप लागते. आपल्याकडे लोकसभेने अनुदानाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारच पायउतार होते. तेथे राष्ट्राध्यक्ष पदावर राहतात आणि कार्यालये तेवढी बंद पडतात. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे आपल्याकडचे कित्येक सुशिक्षित लोकसुद्धा ‘अमेरिकेचे सरकार पडले’ असे सांगत फिरतात. तेथील 1 ऑक्टोबरची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ. त्या दिवशी साडेनऊच्या आधी आलेल्या कोणत्याही ‘ताज्या’ निरोपावर विश्वास ठेवू नये.

कामकाज थांबले तरी सगळे थांबत नाही. जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाशी संबंधित कर्मचारी पगाराविना कामावर येतात, आणि 2019 मध्ये झालेल्या कायद्यानुसार बुडालेला पगार त्यांना नंतर मिळतो. विमानतळावरील तपासनीस याच गटात येतात, सीमेवरचे पहारेकरी येतात आणि आइसचे अधिकारीही येतात. येथे एक विरोधाभास आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. ज्या संस्थेच्या कारवाईवरून निधी अडवला जातो, तिचे काम निधी अडवल्याने थांबत नाही. शिवाय 4 जुलै 2025 रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या सहीने झालेल्या मोठ्या करकायद्यात एकट्या आइससाठी सुमारे 75 अब्ज डॉलरची तरतूद करण्यात आली. त्यातले सुमारे 45 अब्ज स्थानबद्धतेच्या जागांसाठी आहेत आणि हा पैसा सप्टेंबर 2029 पर्यंत वापरता येतो. त्यामुळे वार्षिक विधेयकावरून कितीही खडाजंगी झाली तरी धरपकडीचा खर्च दुसऱ्या कप्प्यातून चालू राहू शकतो. बातमीत ‘निधी’ हा शब्द आला की तो वार्षिक कप्प्यातला की जुलै 2025 च्या कायद्यातला, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. (अब्ज म्हणजे शंभर कोटी. मराठी निरोपांत अब्जाचे खर्व आणि दशलक्षाचे कोटी इतक्या सहज होतात की आकडा दिसताच मूळ शून्ये मोजण्याची सवय मी लावून घेतली आहे.)

यानंतर मते मोजावीत. तेथील प्रतिनिधिगृहात 435 सदस्य आहेत आणि साध्या बहुमताने विधेयक मंजूर होते. सिनेटमध्ये शंभर सदस्य आहेत, पण चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणण्यासाठी बहुतेक वेळा साठ मते लागतात. कोणत्याही एका पक्षाकडे सहसा साठ जागा नसतात, आणि म्हणून अल्पमतातील पक्षालाही खर्चविधेयक अडवता येते. फक्त महसूल आणि खर्चापुरत्या एका खास पद्धतीत साध्या बहुमताने काम भागते. जुलै 2025 चा कायदा याच वाटेने आला, आणि सिनेटमध्ये 50 विरुद्ध 50 अशी बरोबरी झाल्यावर उपराष्ट्राध्यक्षांच्या मताने तो पुढे सरकला. मतदार नोंदणीचे नियम हा मूलतः पैशाचा विषय नसल्यामुळे ते या वाटेने नेणे कठीण असते.

म्हणूनच ते नियम एखाद्या खर्चविधेयकाच्या शेपटीला बांधण्याची खेळी केली जाते, कारण खर्चविधेयक कोणालाच कायमचे अडवून ठेवता येत नाही. सप्टेंबर 2024 मध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांनी तात्पुरत्या खर्चविधेयकाला ‘सेव्ह’ नावाचे विधेयक जोडले होते. मतदार म्हणून नाव नोंदवताना नागरिकत्वाचा कागदोपत्री पुरावा द्यावा, अशी त्या विधेयकाची मागणी आहे. ते जोडविधेयक 202 विरुद्ध 220 मतांनी पडले, कारण सभापतींच्याच पक्षातील काही सदस्य विरोधात गेले. पुढे 10 एप्रिल 2025 रोजी ‘सेव्ह’ स्वतंत्रपणे 220 विरुद्ध 208 मतांनी प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, आणि आपल्याकडे ‘अमेरिकेत नवा मतदार कायदा मंजूर’ असे निरोप फिरू लागले. तो कायदा झालेला नव्हता, विधेयक फक्त एका सभागृहात मंजूर झाले होते, सिनेटमध्ये नाही. ‘मंजूर’ हा शब्द वाचला की ‘कोठे मंजूर?’ हे विचारण्याची सवय लावली तर निम्मी घालमेल तेथेच संपते. पुरवणी मागण्यांच्या गर्दीत भलतेच विषय कसे उरकले जातात हे महाराष्ट्रातील वाचकाला मुद्दाम सांगायला नको.

मतदारपात्रतेच्या वादाचा गाभा मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे. परदेशी नागरिकाने तेथील राष्ट्रीय निवडणुकीत मतदान करणे 1996 च्या कायद्याने गुन्हाच आहे, त्यामुळे पात्र कोण याविषयी दोन्ही पक्षांत मोठा मतभेद नाही. मतभेद आहे तो सिद्ध कोणी करायचे आणि कशाने करायचे यावर. 1993 च्या कायद्यानुसार वाहन परवाना काढतानाच मतदार नोंदणी करता येते आणि ‘मी नागरिक आहे’ असे शपथेवर लिहून देणे पुरेसे ठरते. रिपब्लिकन पक्षाचे म्हणणे असे की नुसत्या शपथेवर यादी विश्वासार्ह राहत नाही. 2024 मध्ये ऑरेगॉन राज्यात वाहन परवाना खात्याच्या चुकीने, नागरिकत्वाचा पुरावा न दिलेल्या हजाराहून अधिक लोकांची नावे यादीत गेली होती, त्याकडे ते बोट दाखवतात. डेमोक्रॅटिक पक्षाचे म्हणणे असे की परदेशी व्यक्तीने मत दिल्याची प्रकरणे अत्यल्प आहेत आणि कागदाच्या सक्तीने खरे नागरिकच बाहेर फेकले जातात. यासाठी ते कॅन्सस राज्याचा दाखला देतात. तेथे अशा सक्तीमुळे सुमारे 31,000 अर्ज अडकले आणि न्यायालयाने 2018 मध्ये ती तरतूद रद्द केली.

हा वाद समजायला मराठवाड्यातील माणसाला पुस्तक उघडावे लागत नाही. कुणबी नोंदींसाठी 2023 पासून निजामकालीन कागद चाळले जात आहेत. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांच्या दारात लोक उभे राहिले, आणि एकाच भावकीतल्या एका घराला नोंद सापडली तर शेजारच्याला नाही. माणसे तीच आणि आजोबा-पणजोबाही तेच, फरक फक्त कागद टिकण्याचा. लग्नानंतर नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या आमच्या बायकांना शाळेच्या दाखल्यापासून बँकेपर्यंत ‘ही तीच व्यक्ती’ असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. ‘सेव्ह’ विधेयकाविरुद्ध तेथील विवाहित स्त्रियांची तक्रार नेमकी हीच आहे की जन्मदाखल्यावरचे आडनाव आताच्या आडनावाशी जुळत नाही. माझे मत असे की पुरावा मागण्यात गैर काही नाही, परंतु जो पुरावा मागतो त्याने तो फुकट आणि वेळेत मिळवून देण्याची जबाबदारीही घेतली पाहिजे. एखाद्या विधेयकाची बातमी वाचताना ही दुसरी बाजू त्यात आहे का, हे मी आधी शोधतो.

आता घरापुरते बोलू. या वादातून आपल्या मुलाला खरा धोका असलाच तर तो वॉशिंग्टनमध्ये नसून वाहन परवान्याच्या खिडकीपाशी आहे. तेथे अर्ज भरताना ‘मतदार म्हणून नाव नोंदवायचे का’ असा प्रश्न येतो आणि घाईत ‘होय’वर खूण होते. विद्यार्थी, एच-वन-बीधारक आणि ग्रीनकार्डधारक यांपैकी कोणीही तेथील नागरिक नाही. नागरिक असल्याचा खोटा दावा केल्याचे सिद्ध झाले तर देशाबाहेर काढले जाण्याची वेळ येऊ शकते, आणि ‘नकळत झाले’ म्हणून त्यातून सुटण्याची वाट फार अरुंद आहे. पुढे नागरिकत्वाचा अर्ज करताना ‘तुम्ही कधी मतदार नोंदणी केली होती का’ असा प्रश्नही विचारला जातो. मेरीलँडमधील काही गावांत स्थानिक निवडणुकीत परदेशी रहिवाशांना मत देता येते हे खरे आहे, परंतु त्या वाटेने जाण्यापूर्वी वकिलाला विचारावे. परवान्याच्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. नोंदणीचे पत्र चुकून घरी आलेच तर ते कपाटात न टाकता नोंदणी रद्द करण्यासाठी लेखी कळवावे आणि त्याआधी वकिलाशी बोलून घ्यावे. अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपल्या नोंदणीचा कागद जवळ बाळगावा अशी कायद्याची अपेक्षा आहे, तेव्हा ग्रीनकार्ड किंवा प्रवेशनोंद सोबत असावी आणि तिची एक प्रत येथे आईवडिलांकडेही असावी.

याच्या उलट बाजूचे काम आपल्या तहसील कार्यालयात असते, आणि ते बहुतेक घरांत राहून गेलेले असते. मुलगा भारतीय पासपोर्टवर असेल आणि त्याने तेथील नागरिकत्व घेतलेले नसेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम 20-अ नुसार तो परदेशस्थ मतदार होऊ शकतो. त्यासाठी अर्ज क्रमांक 6-अ भरावा लागतो. पासपोर्टवर जो पत्ता आहे त्याच मतदारसंघात नाव लागते, आणि मत मात्र येथे येऊन मूळ पासपोर्ट दाखवूनच देता येते. त्याने अमेरिकन नागरिकत्व घेतले असेल तर 1955 च्या नागरिकत्व कायद्यातील कलम 9 नुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपते, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला मिळणारे कार्ड) असले तरी मतदानाचा अधिकार राहत नाही. तरीही गावच्या यादीत त्याचे नाव वर्षानुवर्षे तसेच असते, आणि सुटीत आलेला मुलगा शेजाऱ्यांच्या आग्रहाने मतदानाला जातो. तेथे यादीत परदेशी माणूस सापडला म्हणून केवढा गदारोळ होतो हे रोज वाचणाऱ्या घरानेच येथे तसे करणे शोभत नाही, आणि ते कायद्यातही बसत नाही.

नाव वगळण्यासाठी अर्ज क्रमांक 7 असतो. तो निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अ‍ॅपवरून भरता येतो, किंवा बीएलओकडे, म्हणजे आपल्या मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे, कागदावर देता येतो. मुलगा स्वतः अर्ज करू शकतो, आणि त्याच मतदारसंघातील मतदार या नात्याने आईवडीलही करू शकतात. कारणाच्या रकान्यात ‘भारतीय नागरिक नाही’ या पर्यायावर खूण करावी, यादीतील भाग क्रमांक आणि अनुक्रमांक आधी पाहून घ्यावेत, अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवावा आणि पुढची यादी प्रसिद्ध झाली की नाव खरोखर निघाले का ते स्वतः उघडून पाहावे.