सोलापुरात नोकरी शोधताय? जोडधंदा बायोडाटात लिहायचा का

उमरगा, तुळजापूर, अक्कलकोट, इंडी अशा गावांकडून सोलापुरात आलेली पोरं-पोरी, खोली मिळाली आणि मेस लागली की हमखास विचारतात: "संध्याकाळी ट्युशन घेतो, ते बायोडाटात टाकू का? शेंगाचटणी ऑनलाइन विकते, ते लिहू का?" मीही उमरग्याकडचाच. इथं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायला लागलो, इथलाच झालो. आता माणूस घ्यायचा म्हटलं की बायोडाटांचा गठ्ठा आधी माझ्या टेबलावर पडतो. म्हणून टेबलाच्या अलीकडून काय दिसतं, ते सांगतो.

आधी कागद कोण वाचणार ते बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे आणि शहरातले युनिफॉर्मचे कारखाने बरेचसे घरगुती मालकीचे आहेत. तिथं एचआर वगैरे भानगड नसते, कागद थेट मालकांच्या हातात जातो. पोरगं नोकरी सांभाळून चार पैसे जास्त कमावतंय म्हटलं तर व्यापारी माणसाला कौतुकच असतं. पण त्याच्या डोक्यात दोन शंका येतात. हा उद्या माझ्या पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाइकं, फोडणार का? आणि ऐन सीझनला दांड्या मारणार का? युनिफॉर्मवाल्यांचा सीझन म्हणजे जूनमध्ये शाळा उघडायच्या आधीचे महिने. तेव्हा "सहा वाजता माझी ट्युशन असते" हे वाक्य कुणाला ऐकायचं नसतं. या दोन शंकांना तुमच्याकडे उत्तर असेल तर जोडधंदा जरूर लिहा.

आमच्याकडे डिस्पॅचच्या, म्हणजे माल बांधून पाठवायच्या, जागेसाठी एक मुलगी आली होती. कागदावर एवढंच: "स्वतःचा ऑनलाइन व्यवसाय." मालकांचं बोट तिथंच थांबलं.

"काय विकतेस बाळ?"

"शेंगाचटणी."

"पार्सल कोण बांधतं?"

"मीच. पाकीट फुटलं तर पैसे परत द्यावे लागतात, म्हणून दोन पदरी बांधते."

"किती परत येतात महिन्याला?"

तिनं पिशवीतून वही काढून पान उघडलं. तारीख, गाव, कुरिअर, परत आलं की नाही, सगळं ओळीनं लिहिलेलं. पुढचं बोलणं पगाराचंच झालं. पण ही वही दाखवायची वेळ सगळ्यांवर येत नाही, कागद आधीच बाजूला पडतो. त्यामुळे ओळच नीट लिहा: "शेंगाचटणीची ऑनलाइन विक्री, २०२२ पासून. पॅकिंग, कुरिअर आणि परत आलेल्या मालाचा हिशेब स्वतः." तुमचं जे साल असेल ते घाला. 'उद्योजक', 'संस्थापक' असले शब्द मात्र नकोत, मालक गालातल्या गालात हसतात.

तुम्ही चादरी विकता आणि चादरीच्याच कारखान्यात अर्ज करताय, तर मात्र लपवाछपवी नको. बाजारपेठ छोटी आहे, आठवड्यात कळतं. समोर बसल्यावर आपणहून विषय काढा आणि सुरू ठेवणार की बंद करणार, ते स्पष्ट सांगा.

मधल्या काळात डिलिव्हरीची गाडी चालवली असेल तर लाजू नका. रिकाम्या वर्षापेक्षा ते केव्हाही बरं, आणि डिस्पॅचवाल्याला गल्लीबोळ माहीत असलेला माणूस हवाच असतो. मित्राच्या लग्नात दोनदा फोटो काढले, ते वगळा. नेटवर्क मार्केटिंग तर अजिबात लिहू नका. हा आमच्याच कामगारांना डबे-पावडरी विकणार, असं पहिलं मनात येतं. (माझ्याही येतं.) आणि जोडधंद्यात एखादी भाषा शिकला असाल तर ती ठळक लिहा. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नड. ज्याला दोन्ही येतात त्याला इथं मान आहे.

इथून पुण्याच्या आयटी कंपनीत अर्ज करणार असाल तर गणित वेगळं. सप्टेंबर २०२२मध्ये विप्रोनं एकाच वेळी प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करणाऱ्या ३०० जणांना काढल्याचं जाहीर केलं होतं. तिथं ऑफर लेटरमधलं बाहेरच्या कामाचं कलम वाचूनच सही करा. दोन ठिकाणी पीएफ कापला गेला तर दोन्ही नोंदी एकाच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या क्रमांकावर) दिसतात, हेही ध्यानात ठेवा. राज्य सरकारी नोकरी लागली तर १९७९च्या वर्तणूक नियमांप्रमाणे परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. अभ्यास करताना घेतलेल्या ट्युशनचा अनुभव लिहायला मात्र काही हरकत नाही.

जोडधंद्यातून किती मिळतात तो आकडा कागदावर लिहू नका, तोंडानंही सांगू नका. विचारलंच तर "माल आणि कुरिअर जाऊन खर्च निघतो" एवढं पुरे. नाहीतर पगार ठरवताना "तुझं तर बाहेरून येतंय की" म्हणत हजार-दोन हजार तिथंच कमी होतात.