गुरुवारच्या आधी: प्रॉक्समॉक्सवर फेलओव्हरची तयारी

प्रॉक्समॉक्स म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन (व्हीएम) चालवणारी प्रणाली. एक सर्व्हर पडला की त्याच्यावरच्या व्हीएम आपोआप दुसरीकडे उठवणं म्हणजे फेलओव्हर, आणि ते करणारी सोय म्हणजे एचए (हाय अव्हेलेबिलिटी). ‘दोन सर्व्हर आहेतच, एचए लावून टाका,’ असं म्हणणारे मालक भोसरी-चाकणच्या पट्ट्यात पैशाला पासरी भेटतात. त्यांना आधी मतमोजणी समजावायची. क्लस्टरमध्ये, म्हणजे एकत्र बांधलेल्या सर्व्हरच्या गटात, प्रत्येक नोडला (सर्व्हरला) एक मत, आणि निम्म्याहून जास्त मतं जमली तरच कोरम, म्हणजे काम चालू ठेवण्याइतकं बहुमत. दोनातला एक गेला की उरलेल्याकडे निम्मीच मतं राहतात. जोडीदार मेला की मधली वायर तुटली, हे त्याला कळायला मार्ग नाही. त्यामुळे त्याच्यावर एचएची व्हीएम असेल, तर मिनिटभरात तोही स्वतःला रीस्टार्ट करतो. म्हणजे होतं तेही बंद. म्हणून तीन नोड घ्या. नाहीच जमलं तर दोन नोड आणि क्यूडिव्हाइस म्हणून एखादा जुना डेस्कटॉप किंवा रास्पबेरी पायसारखा चिमुकला संगणक ठेवा; त्याचं काम फक्त मत देणं. तो त्याच दोन नोडपैकी एकावरच्या व्हीएममध्ये मात्र बसवू नका. हसू नका, हे केलेलं मी पाहिलंय.

क्लस्टर करण्याआधी नोडची नावं आणि आयपी कायमचे ठरवा, कारण नंतर ते बदलणं म्हणजे डोकेदुखी. घड्याळं जुळवा. नव्याने जोडायच्या नोडवर एकही व्हीएम किंवा कंटेनर (व्हीएमचाच हलका भाऊ) नको.

आता नेटवर्क, म्हणजे माझी दुखरी नस. कोरोसिंकला, म्हणजे नोडना एकमेकांची खबर देणाऱ्या सेवेला, बँडविड्थ फारशी लागत नाही, त्याला लागतं वेळेवर पोहोचणं. नोडमधला विलंब ५ मिलिसेकंदांच्या आत हवा. मी कोरोसिंक आणि बॅकअप एकाच स्विचवर, एकाच पोर्टवरून चालवत होतो. दिवसा सगळं झकास. रात्री बॅकअप सुरू झाला, वायर तुडुंब भरली, निरोप अडकले आणि तिन्ही नोडना एकमेकांचा पत्ता लागेना. साठ सेकंदांनी तिघांच्याही वॉचडॉगने, म्हणजे कोरम गेल्यावर मशीन रीसेट करणाऱ्या पहारेकऱ्याने, आपापलं मशीन रीसेट केलं. सकाळी हजेरीच्या मशीनपुढे रांग, आणि मी लॉगमध्ये बिघडलेला नोड शोधतोय. बिघडलेला एकही नव्हता. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या तपकीर गल्लीतून साधा गिगाबिट स्विच आणि तीन केबल आणल्या आणि कोरोसिंकची लाइन वेगळी केली. जुनी लाइन दुसरी लिंक म्हणून राहू दिली. फायरवॉल असेल तर यूडीपी पोर्ट ५४०५ ते ५४१२ उघडे आहेत ना, तेही बघा.

वीज. इथे देखभालीसाठी वीज बंद राहते ती बहुधा गुरुवारी. तिन्ही नोड एकाच यूपीएसवर असतील तर ते तिन्ही एकदमच जातील. निदान दोन यूपीएस हवेत, आणि स्विचही यूपीएसवर हवा. स्विच हमखास विसरला जातो.

स्टोरेजचा प्रश्न मालकाला विचारून सोडवायचा. सेफ (Ceph, म्हणजे सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एकच साठा) असेल तर उत्तम, पण त्याला तीन नोड आणि दमदार नेटवर्क लागतं. एकाच नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीवर, सगळं ठेवलं, तर नॅस पडला की तिन्ही नोड शाबूत असून बिनकामाचे. झेडएफएस रेप्लिकेशन, म्हणजे ठरावीक वेळाने डिस्कची प्रत दुसऱ्या नोडवर पाठवणं, स्वस्तात होतं, पण ते मुळात दर १५ मिनिटांनी चालतं. अगदी कमी केलं तरी १ मिनिट. तेव्हा सरळ विचारा: ‘शेवटच्या पंधरा मिनिटांची बिलं पुन्हा टाकावी लागली तर चालेल का?’ उत्तर मेलवर घ्या. आणि यातलं काहीही बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दुसऱ्या नोडवरही तितक्याच इमानदारीने पुसली जाते.

रॅमची बेरीज कागदावर करा. ६४ जीबीचे तीन नोड असतील तर एक गेल्यावर सगळ्यांना १२८ मध्ये मावायचंय, आणि त्यातच प्रॉक्समॉक्सला स्वतःला, झेडएफएसलाही जागा हवी. नोड वेगवेगळ्या वर्षी घेतलेले असतील तर व्हीएमचा सीपीयू प्रकार ‘होस्ट’ (म्हणजे त्या नोडचा सीपीयू जसाच्या तसा) ठेवू नका. व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली आयएसओ (सीडीची फाइल) काढा. ती एकाच नोडच्या डिस्कवर असते आणि दुसरीकडे गेलेली व्हीएम तेवढ्यावरून सुरू होत नाही. कंटेनरला जोडलेले लोकल फोल्डर, व्हीएमला दिलेलं पीसीआय कार्ड यांचंही तेच.

मग शिफ्ट सुटल्यावर एका नोडची पॉवर केबल सरळ उपटा. शटडाउन नव्हे, केबल. दुसरीकडे व्हीएम उठायला दोनेक मिनिटं लागतात, आणि ती नव्याने बूट होते. रॅममधलं काही वाचत नाही. हे मालकाला शेजारी उभं करून दाखवा. शेवटी फेलबॅक तपासा. प्राधान्यक्रम दिलेला असेल तर नोड परतल्यावर सगळं आपसूक मूळ जागी निघतं. व्हीएम चालू स्थितीतच हलते, कंटेनर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो, तोही भर कामाच्या वेळी. हजेरीच्या कंटेनरचं फेलबॅक म्हणूनच मी बंद ठेवलंय. संध्याकाळी गेट रिकामं झालं की तो हातानेच परत आणतो.